तिसरा हेडफोनसुद्धा पुटपुटतो

४ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझे काका चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावताहेत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी एक यादी पुढ्यात घेऊन बसले आहे. यादी वाचून माझं डोकं भणाणलंय. आपल्या घरात रेकॉर्डिंगमधलं कळणारी तू एकटी, म्हणून तुला साकडं घालते आहे.

झालंय असं, की माझी जुनी शाळा पलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन होतेय. नव्या शाळेत गाण्याच्या बाई हे पदच नाही. प्रत्येक वर्गात भिंतीवर स्पीकर बसवलाय. बटण दाबलं की गाणं सुरू, मुलांनी त्याच्यामागून म्हणायचं. मुख्याध्यापिकाबाई परवा रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, तुमची गाणी एप्रिलअखेर रेकॉर्ड करून दिलीत तर तीच लावू, नाहीतर विकत मिळतात ती लावावी लागतील. त्यांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला घरी आल्यावर राग आला.

एकतीस वर्षांत मी त्या शाळेसाठी सव्वीस गाणी केली. जिन्याचं गाणं, हरवलेल्या मोज्याचं गाणं, गैरहजर मुलाच्या बाकाचं गाणं. लहानपणी तूही म्हटली आहेस. शब्द वह्यांमध्ये सापडतील, पण चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या माझ्या डोक्यात आहेत, आणि डोकं साठ वर्षांचं झालंय. मी नोकरी सोडल्यापासून ती गाणी तिथे कुणी म्हणत नाही. आता रेकॉर्ड झाली नाहीत तर माझ्याबरोबर ती गेली असंच समजायचं.

म्हणून मी ठरवलंय, घरच्या घरी स्टुडिओ करायचा. काकांची फ्रेमांची खोकी ठेवायची खोली रिकामी करून घेतली, त्यावरून दोन दिवस अबोला झाला, तो मिटला. मग वाद्यांच्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने अकरा वस्तूंची यादी दिली: माइक, माइकचा दांडा, माइकपुढची जाळी, हेडफोन, स्पीकर, वायरी खुपसायचा एक डबा, भिंतीला चिकटवायचा स्पंज आणि अजून काय काय. प्रत्येक वस्तूबद्दल तो म्हणाला, हे नसेल तर बाकीच्याचा उपयोग नाही. सगळं एकदम घेण्याइतकी मी खुळी नाही. एकेक घेणार. तर आधी काय घेऊ, एवढंच सांग.

फोन करू नकोस. तू भरभर बोलतेस आणि माझ्या डोक्यावरून जातं. मोबाइलवरही लिहू नकोस. कागदावर लिही, म्हणजे तो दुकानात नेऊन त्या माणसाच्या नाकासमोर धरता येईल.

तुझी मावशी

९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राला टपालाचं तिकीट होतं. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी ते हातात घेऊन पाहिलं.

पहिलं म्हणजे, मी मोठ्या स्टुडिओत आहे असं तू सगळ्यांना सांगत फिरतेस ते थांबव. मी लिफ्टमधल्या बाईचा आवाज रेकॉर्ड करते. गेला आठवडाभर ‘दार बंद होत आहे’ हे वाक्य साठ वेळा घेतलं, कारण एका ग्राहकाला त्यात जिव्हाळा हवा होता.

आता तुझा प्रश्न. आधी माइक घे. बाकीचं सगळं तुझ्या आवाजावर नंतर होणारे संस्कार आहेत, पण जे माइकमध्ये शिरलंच नाही ते नंतर कुठूनही आणता येत नाही. माइकबरोबर तो वायरींचा डबा लागेल, कारण माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये तोच पोचवतो. काकांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर चालेल. स्पंज अजिबात नको. दोन जाड रजया खोलीत टांग आणि कपड्यांचं कपाट उघडं ठेव. हेडफोन तिसरा. स्पीकर सगळ्यात शेवटी, आणि नाही घेतलास तरी बिघडत नाही.

पण हा उपद्व्याप करायचाच कशाला? महिनाअखेर मी सुट्टी काढते, माझं सामान घेऊन येते, चार दिवसांत सव्वीस गाणी उरकू. तू फक्त गायचं. आणि हे सगळं पाच मिनिटांच्या फोनवर झालं असतं, हे मी पुन्हा एकदा नोंदवून ठेवते.

भुंगा

१७ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, ते पटलं, आणि दुकानात जाऊन मी हेडफोन घेतला.

ओरडू नकोस, आधी ऐक. मी म्हटलं, आवाज आत गेला की नाही हे कळणार कशाने? ऐकूनच ना? मग ऐकायचं साधन आधी हवं. विक्रेत्याने मान डोलावली. तो सगळ्यालाच मान डोलावतो. पण घरी आणून त्यावर गाणी लावली, तर गाणारी सगळी माणसं तोंडात सुपारी धरून गात असावीत असं वाटलं. सूर कळतोय, ताल कळतोय, शब्द मात्र सगळे गिळलेले. दुसऱ्या दिवशी बदलून आणला. तोही तसाच. मग मी तिसरा, सगळ्यात भारी आणला, आणि भुंग्या, तिसरा हेडफोनसुद्धा पुटपुटतो. विक्रेत्याने तो स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि म्हणाला, बाई, एकदम स्वच्छ आहे. मी म्हटलं, तुमचे कान तपासून घ्या. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तो हसला नाही, आणि मला परत यायला जरा लाजच वाटली.

मला वाटतं, हल्ली हे सामान बनवणारेच कामचुकार झालेत. किंवा मग गाणारे. शाळेतली मुलंसुद्धा शेवटी शेवटी तशीच झाली होती, तोंड उघडायला नको त्यांना.

तर माझा पुढचा प्रश्न. आवाज डोळ्यांना दिसेल असं काही यंत्र मिळतं का? सिनेमात दाखवतात तसं, रेषा वर खाली होतात. ते असेल तर हेडफोनवाचून चालेल. ते आधी घेऊ का?

तू येऊ नकोस. तुझी सुट्टी वाया घालवायची नाही. आणि खरं सांगू का, मला माझ्या गाण्यांच्या वेळी समोर कुणी नको आहे. एकतीस वर्षं समोर चाळीस जण असायचे, आता थोडं एकटीने करू दे.

काका विचारतात, तुझा चष्म्याचा नंबर वाढला का.

तुझी मावशी

२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नंबर तोच आहे. माझं डोकं मात्र चक्रावलंय.

तू म्हणतेस ते हेडफोन मला माहीत आहेत. त्यातला तिसरा आमच्या ऑफिसात आहे, मी रोज वापरते, त्यात माणसाने आवंढा गिळलेलाही ऐकू येतो. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड असेल किंवा वायर नीट बसत नसेल. खात्री करायला मी तुला फोन केला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा काकांनी उचलला आणि तिन्ही वेळा म्हणाले, ती अंघोळीला गेलीय. तिसऱ्या वेळी संध्याकाळचे पाच वाजले होते. काकांना खोटं बोलता येत नाही, हे तुला लग्नाच्या वेळीच कळायला हवं होतं.

आवाज दिसणारी रेषा कॉम्प्युटरमध्ये फुकट दिसते, त्याला वेगळं यंत्र लागत नाही. तिथेच जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत एकेका पट्टीसाठी सरकती बटणं असतात, एखादी पट्टी कमी वाटली तर वर सरकवायची. पण डोळ्यांनी गाणं दुरुस्त करता येत नाही, मावशी. रेषा सुंदर दिसते आणि गाणं भिकार निघतं, असं मी शंभरदा पाहिलंय.

एक बोलते, राग मानू नकोस. मला वाटतं तू टाळते आहेस. तू नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना सोडलीस आणि का सोडलीस ते आईलासुद्धा धड सांगितलं नाहीस. आता ही गाणी एकदा रेकॉर्ड झाली की तुझं शाळेतलं काम खरोखर संपलं, आणि ते संपू नये म्हणून तू अकरा वस्तूंच्या यादीत फिरत बसली आहेस. माझं चुकत असेल तर माइक घे आणि एक गाणं, एकच, पेन ड्राइव्हवर घालून मला पाठव.

भुंगा

६ मार्च

भुंगाबाई यांस,

मी टाळते आहे काय? लिफ्टमधल्या बाईला जिव्हाळा शिकवता शिकवता तू माणसांची मनं ओळखायला लागलीस वाटतं. तुझ्या पत्रावर मी तीन दिवस धुमसत होते. काकांनी माझ्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही असं धोरण ठेवलं.

माइक घेतला. डबा घेतला. रजया टांगल्या. आणि स्पीकरही घेतले, कारण हेडफोनवर माझा विश्वास उडाला होता. स्पीकर चांगले जाडजूड आहेत, आवाज मात्र बेताचा. बटण बरंच वर न्यावं लागतं. शुक्रवारी दुपारी मी माझंच गाणं लावून ऐकत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. त्या बेल वाजवून थकल्या म्हणे, मग दार बडवलं. त्यांचा पेशंट खुर्चीतून उठून बसला होता. आता तूच सांग, भिंतीतून आवाज वर पोचतो आणि मला दोन हातांवर धड शब्द कळत नाहीत, ही कुठली यंत्रं? इमारतीच्या बांधकामातच काहीतरी गडबड असणार.

असो. पेन ड्राइव्ह पाठवते आहे, काकांच्या जुन्या मोज्यात गुंडाळून. मोजा धुतलेला आहे. शिंप्याच्या सुईचं गाणं गायलंय, ‘सुई सुळकन शिरते, सरळ शिवण धरते’ तेच. तू सांगितलीस ती सरकती बटणं मी स्वतः बसवली. दोन दुपारी त्यात गेल्या. आधी सगळं धूसर वाटत होतं, मग बारीक आवाजाच्या पट्ट्या एकेक करून वर नेत गेले, आणि शेवटी माझा ‘स’ मला सापडला. इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी काकांना बोलावून ऐकवलं. ते म्हणाले, छान आहे, आणि बाहेर निघून गेले. त्यांना गाण्यातलं कधीच कळलं नाही.

आता ऐक आणि सांग, मी टाळते आहे का.

मावशी

१२ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फाडली, कारण एकात मी फार हुशार वाटत होते आणि दुसऱ्यात फार गरीब. आता जसं सुचेल तसं लिहिते.

मी गाणं ऑफिसात लावलं आणि दुसऱ्या सेकंदाला हेडफोन काढून टेबलावर फेकला. कानात सुरी खुपसावी तसा ‘स’ आला. गाणं सगळं स आणि श यांनी भरलेलं, प्रत्येक शब्दाला शिट्टी. माझ्या शेजारचा सहकारी म्हणाला, कुकर फुटला का? मी हसले, खोटं सांगत नाही. मला वाटलं मावशीने बटणांचा खेळ केला आणि त्यात गाणं हरवलं.

मग तुझी फाइल उघडली. बटणं तू ठेवलीस तशीच दिसत होती. जाड आवाजाची बटणं तू हलवलीही नव्हतीस. मधल्यांना जरासा धक्का. तिथून पुढे प्रत्येक बटण आधीच्यापेक्षा वर, वर, आणि शेवटची चार तर छताला टेकलेली. उगाच खेळ करणाऱ्याची बटणं अशी जिन्यासारखी चढत नाहीत. ती वेडीवाकडी असतात. तुझी फार काळजीपूर्वक बसवलेली होती. ज्याला आवाजाची जाण आहे अशा माणसाने, जे कमी पडतंय ते मोजून मापून भरलं होतं.

मी सगळी बटणं खाली आणली आणि परत ऐकलं. खाली तुझा आवाज होता, स्वच्छ, सुरेल, शब्द न् शब्द कळणारा. त्यात कमी काहीच नव्हतं.

मग मी एक कागद घेतला आणि तुझा तो जिना उलटा काढला. जिथे तू बटण वर नेलंस तिथे रेघ तेवढीच खाली. कानाच्या दवाखान्यात तपासणीनंतर एक आलेख देतात, तो मी पाहिलेला आहे. माझ्या टेबलावर तोच आलेख तयार झाला. मावशी, त्यात तुला दाराची बेल नाही, स नाही, श नाही, च नाही, लहान मुलांचे शब्द नाहीत. सूर आहे, ठेका आहे. तीन हेडफोन पुटपुटत नव्हते. तुला कमी ऐकू येतं, आणि ते तुला माहीत आहे.

पत्रच का हवं होतं, काका सारखे तुला अंघोळीला का पाठवतात, मी का येऊ नये, सगळं एकदम लक्षात आलं आणि मी तिथेच खुर्चीत बसून रडले. तू टाळते आहेस म्हणाले त्याबद्दल माफ कर. मला फक्त एक सांग, किती दिवसांपासून?

भुंगा

२६ मार्च

मावशी,

चौदा दिवस झाले. पत्र पोचलं का? पोचलं असेल आणि तू रागावली असशील तर रागावल्याचंच पत्र लिही. एप्रिलअखेर लांब नाही आणि एकच गाणं झालंय. काकांना फोन केला, ते म्हणाले, ती अंघोळीला गेलीय.

भुंगा

३० मार्च

भुंग्या,

पोचलं होतं. वाचून मी ते घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि ठरवलं, या मुलीशी जन्मात बोलायचं नाही. काकांनी ते काढून वाचलं. एवढंच म्हणाले, मी रोज पंचवीस माणसांच्या नाकावर चष्मा बसवतो, त्यातला एकही मला लपवायला सांगत नाही. मी त्यांच्याशीही बोलायचं बंद केलं. घर अगदी शांत होतं, म्हणजे माझ्या बाजूने तसंही असतंच.

चार वर्षांपासून. दोन वर्षांपूर्वी तपासून घेतलं. काचेच्या खोलीत बसवतात, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी ऐकू आली नाही तरी अंदाजाने दाबत होते. आयुष्यभर परीक्षा घेतल्या ना, नापास व्हायची तयारी नव्हती. कानाच्या बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी कानातलं यंत्र दिलं. ते टेबलक्लॉथच्या खणात आहे. म्हणजे अकरा वस्तूंच्या आधीची वस्तू माझ्या घरात आहे, आणि मी तुला विचारत होते, आधी काय घेऊ.

ते मी का घालत नाही, तेही सांगते. पहिल्याच दिवशी ते लावून मी जिन्याचं गाणं म्हटलं. आवाज पत्र्याचा आला. सूर थरथरत होता, माझाच आवाज मला परका वाटला. आणि मला वाटलं, अरे, असं असतं का हे गाणं? इतकी वर्षं मुलांना असंच ऐकू येत होतं का? मग एकतीस वर्षं मी काय केलं? मी यंत्र काढून ठेवलं. यंत्र वाईट की गाणं वाईट, ते मला आजही कळलेलं नाही. हेडफोन, स्पीकर, रेषा, मला खरं तर असं काहीतरी हवं होतं, जे माझं गाणं मला पूर्वीसारखं ऐकवेल आणि कुणाला काही सांगणार नाही.

आता नोकरी का सोडली ते. हे काकांनाही माहीत नाही. शेवटच्या ओळीत एक उंच मुलगी उभी राहायची. तिचा आवाज मला येईना. मी तिला म्हणायचे, तोंड उघड. पुन्हा म्हणायचे. वर्षभर म्हणाले. तिला बाकाशेजारी एकटी उभी करून म्हणायला लावलं, ती काहीतरी पुटपुटली, मी चिडले, आणि वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमातून तिचं नाव काढलं. ती रडली नाही. नंतर काचेच्या खोलीतून मी बाहेर आले, हातात तो आलेख होता, आणि मला पहिल्यांदा ती मुलगी आठवली. ती नीट गात असणार. मला ऐकू येत नव्हतं आणि शिक्षा तिला झाली. दुसऱ्या आठवड्यात मी राजीनामा दिला.

हे लिहून हलकं वाटेल असं म्हणतात. मला तरी अजून काही वाटत नाही.

तू गाणी ऐकलेली आहेस, लहानपणी आणि आता. तुझे कान चांगले आहेत. मला खरं सांग, ती चांगली आहेत का? मावशी म्हणून सांगू नकोस.

४ एप्रिल

प्रिय मावशी,

मावशी म्हणून सांगत नाही.

सुईच्या गाण्याचं दुसरं कडवं लांबलंय. दोरा संपतो तिथे गाणं संपायला हवं होतं, तू उगाच त्यात सदऱ्याचं बटण घातलंस. बाकी गाणं चांगलं आहे. चांगलं म्हणजे, बटणं खाली आणून ऐकलं त्या दिवसापासून मी ते भांडी घासताना म्हणते, आणि कुकर फुटला का विचारणारा माझा सहकारी ते जिना उतरताना म्हणतो. त्याला तू कोण ते माहीत नाही, त्यामुळे त्याचं मत धरायला हरकत नाही. बाकाचं गाणं मला वयाच्या आठव्या वर्षापासून पाठ आहे. आमच्या वर्गात कुणी आजारी पडलं की मी मनात म्हणायची.

यंत्र वाईट की गाणं, याचं उत्तर मी एका कानाच्या डॉक्टरांना विचारून आले. ते यंत्र बोलणं कळावं म्हणून बसवलेलं असतं. गाण्यातला लांब सूर त्याला शिट्टीसारखा वाटतो आणि ते तो दाबायला बघतं, म्हणून थरथर येते. गाण्यासाठी त्यात वेगळी मांडणी करून मिळते, फक्त मागावी लागते. तू दोन वर्षं मागितली नाहीस. आता जा आणि माग. पूर्वीसारखं ऐकू येणार नाही, तेही त्यांनी सांगितलंय, आणि ते तुझ्यापासून लपवत नाही.

मग माझी यादी अशी: स्पीकर परत कर, हेडफोन परत कर, त्या विक्रेत्याची माफी माग. माइक आणि डबा ठेव. तू गा. ऐकायचं काम माझ्याकडे दे. बटणांना हात लावू नकोस, जे येईल ते तसंच पाठव, मी इथे बसून नीट करीन. मी स्वतः आले असते, पण एका नव्या इस्पितळाच्या आठ लिफ्टचं काम पंचवीस तारखेपर्यंत आहे.

त्या मुलीबद्दल एकच विचारते. ती आता कितवीत असेल?

भुंगा

१९ एप्रिल

प्रिय भुंग्या,

नववीत.

सुईच्या गाण्यातलं बटण मी काढलं. पहिल्यांदा जीव कासावीस झाला, आता बरं वाटतं. स्पीकर परत केले. विक्रेत्याची माफी मागितली तर त्याने मान डोलावली. कानाच्या बाईंकडे गेले, गाण्याची मांडणी मागितली. त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही गाता हे सांगितलंच नव्हतं. यंत्रात आता गाण्यासाठी वेगळा कप्पा आहे. आवाज अजून थोडा पत्र्याचाच आहे, आणि त्यांनी बजावलंय की अधूनमधून सूर हलल्यासारखा वाटेल, तेव्हा शंभर टक्के विश्वास टाकू नका. म्हणजे घालायचं, पण त्यावर विसंबायचं नाही. हा कुठला सल्ला?

घरच्या खोलीत अकरा गाणी झाली, पेन ड्राइव्ह मोज्यात आहे. पण मग मला वाटलं, वर्गातल्या स्पीकरवरून म्हाताऱ्या बाईचा आवाज कशाला यायला हवा? उरलेली पंधरा मुलांकडूनच म्हणवून घ्यावी. मुख्याध्यापिकाबाईंनी शनिवारी सकाळी जुनी शाळा उघडून दिली. काकांनी माइकचा दांडा खांद्यावर आणला. जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकवीस जण आले, आणि त्यांनी तोंड उघडताच मला त्यांचे शब्द आले. शिट्टीसारखे, टोकदार, पण आले. मी पाठ वळवून खिडकी लावायचं सोंग केलं.

ती शेवटच्या ओळीत उभी होती. अजून उंच झालीय. मधल्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, की मला तेव्हा ऐकू येत नव्हतं, तू गात होतीस, चूक माझी होती, मला माफ कर. ती माझ्या कानातल्या यंत्राकडे बघत राहिली. मग म्हणाली,

“बाई, मी खरंच गात नव्हते. नुसते ओठ हलवायचे.”

 दोन वर्षं मी हे उराशी धरून बसले, त्यापायी नोकरी सोडली, आणि ही म्हणते गातच नव्हते. ही खरं बोलतेय की माझी समजूत घालतेय? चौदा-पंधरा वर्षांच्या मुली फार चांगल्या असतात आणि फार खोटंही बोलतात. मी विचारलं, का गात नव्हतीस?

“माझा सूर उतरतो. तुम्हाला कळलं असतं.”

मी तिला म्हटलं, आता म्हण. कुणी नाही इथे, आपण दोघीच. तिने बाकाचं गाणं घेतलं. पहिल्या दोन ओळी सरळ गेल्या. तिसऱ्या ओळीत सूर खाली आला. भुंग्या, सूर तिचा उतरला की माझ्या यंत्राचा हलला, मला सांगता येईना. पुन्हा चुकीचं बोलले तर? या मुलीला आयुष्यात दुसऱ्यांदा खोटं ठरवलं तर? मी यंत्राला हात लावला, हात काढून घेतला, पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं. तू असतीस तर तुला विचारलं असतं. तू नव्हतीस. मी डोळे मिटून ते गाणं मनात एकदा म्हटलं, आणि बोलून टाकलं, तिसऱ्या ओळीत उतरलीस.

ती लालबुंद झाली. मग हसायला लागली. म्हणाली, “हो बाई, तिथेच उतरतो. परत म्हणू?”

आम्ही सात वेळा म्हटलं. तिने श्वास कुठे घ्यायचा ते मी बदललं, दुसऱ्या ओळीनंतर घ्यायला लावला. सातव्या वेळी तिसरी ओळ जागेवर बसली. तेव्हा मी काकांना हाक मारली, माइक तिच्यासमोर आणून ठेवला, आणि तिला आठव्यांदा म्हणायला सांगितलं.

तुझी मावशी